रोजच्या छायाचित्रांतून नागरिकत्व आणि ओळख : शिक्षक व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांबरोबर आम्ही काही शिक्षक गेली काही वर्षे एक उपक्रम घेत आहोत. मुले आपल्या रोजच्या वाटेवरची, घरातली, वस्तीतली साधी छायाचित्रे वर्गात आणतात आणि त्यांच्यावर बोलता बोलता नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले शब्द त्यांच्या ओळखीचे होतात. हा उपक्रम आपल्या शाळेत घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांनी आणि काळजीपोटी चौकशी करणाऱ्या पालकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

पाठ्यपुस्तकात नागरिकशास्त्र असताना छायाचित्रे कशासाठी?

पाठ्यपुस्तक बाजूला सारण्यासाठी मुळीच नाही. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात स्थानिक शासन, संविधान आणि संसदीय शासनव्यवस्था हे विषय टप्प्याटप्प्याने येतात आणि तो क्रम चांगला आहे. अडचण वेगळीच आहे. ‘पाणीपुरवठा करणे हे महानगरपालिकेचे काम आहे’ हे वाक्य परीक्षेसाठी पाठ करणारा मुलगा त्याच सकाळी टँकरच्या रांगेत उभा राहून आलेला असतो. पण ते वाक्य आणि ती रांग एकाच गोष्टीविषयी आहेत, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. रांगेचे छायाचित्र फळ्यावर लागले की ते त्याला आपोआप दिसते.

आणखी एक कारण आहे. धडा वाचताना अडखळणारी मुले छायाचित्र वाचताना अडखळत नाहीत, उलट ज्या मुलांनी घरकाम, बाजारहाट, रेशनची रांग असे सगळे स्वतः अनुभवले आहे त्यांना इतरांपेक्षा अधिक दिसते. वर्गातली ज्ञानाची उतरंड त्या तासापुरती तरी बदलते.

‘रोजचे छायाचित्र’ म्हणजे नेमके कोणते?

जे काढण्यासाठी कोणी नवे कपडे घालत नाही ते. घराच्या दारावरची नावाची पाटी, पानठेल्यासमोरची गर्दी, ‘आपली बस’ची वाट पाहणारे लोक, शाळेच्या भिंतीवर रंगवलेले सुविचार, रेशन दुकानाबाहेरचा फलक, चौकातले वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, मतदान करून आलेल्या आजीचे शाई लावलेले बोट. स्नेहसंमेलनाची, ध्वजवंदनाच्या संचलनाची किंवा सेल्फीची छायाचित्रे आम्ही घेत नाही, कारण त्यांत काय दाखवायचे हे आधीच ठरलेले असते.

फ्लेक्सविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण शिक्षकांना ते छायाचित्र क्षुल्लक वाटते आणि मुलांना त्यातच सर्वाधिक सापडते. कोणाचा चेहरा मोठा आहे, कोणाचे चेहरे खालच्या पट्टीत टिकलीएवढे आहेत, महिलांच्या नावापुढे काय लिहिले आहे, फ्लेक्समागे कोणता दिशादर्शक फलक झाकला गेला आहे, हे मुले एकदा मोजू लागली की थांबत नाहीत. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, ही माहिती दिल्यावर एका वर्गाने स्वतःहून आपल्या प्रभागातील फ्लेक्सवरचे चेहरे मोजायला घेतले होते.

पहिली तासिका कशी घ्यावी?

पहिल्या तासिकेसाठी छायाचित्र शिक्षकाने आणावे, एकच आणावे आणि त्यात शक्यतो माणसांचे चेहरे नसावेत. चेहरा दिसला की मुले ‘हा कोण, कुठल्या वस्तीतला’ असा अंदाज बांधू लागतात. वस्तू दिसली की ती नीट पाहतात. आम्ही सर्वाधिक वापरलेले छायाचित्र उन्हाळ्यातल्या एका सकाळचे आहे. शहराच्या कडेच्या एका ले-आऊटमध्ये टँकर यायचा आहे आणि रस्त्याच्या कडेने निळे ड्रम, प्लॅस्टिकच्या कॅन, दोन पितळी गुंड (पाण्याची मोठी भांडी) आणि मध्येच एक वीट अशी रांग लागली आहे. माणूस एकही नाही.

पहिली पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, फक्त पाहायचे. त्यानंतर जेवढे दिसते तेवढेच सांगायचे. ‘पाणीटंचाई’ दिसत नाही, म्हणून तो शब्द या टप्प्यावर चालत नाही. हा नियम मुलांना सुरुवातीला जाचक वाटतो, पण त्यामुळेच एका वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला ती वीट दिसली आणि त्याने विचारले, की विटेत पाणी कसे भरणार? शेजारच्या मुलीने सांगितले, की ज्यांच्याकडे जास्तीचा ड्रम नसतो ते विटेने नंबर लावतात आणि टँकर आला की घरातले भांडे घेऊन धावतात. यानंतर विचारावे, की या चित्रात कोण नाही? भाडेकरू, एकटी राहणारी म्हातारी, पहाटेच कामावर गेलेली आई अशी उत्तरे येतात. मग शेवटचा प्रश्न विचारावा, आणि त्याला पुरेसा वेळ ठेवावा: ही रांग अशी असावी, हे कोणी ठरवले? टँकर कोणत्या गल्लीत आधी येतो आणि कोणाच्या फोनवर येतो?

पुस्तक येथे उघडावे. १९९२ मध्ये संसदेने संमत केलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला संविधानात स्थान मिळाले आणि १२ व्या अनुसूचीत जी १८ कामे नमूद झाली त्यांत पाणीपुरवठा आहे. नागपुरात या धड्याला आणखी एक पदर आहे. येथे महानगरपालिकेच्या जोडीला १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आलेला नागपूर सुधार प्रन्यास, ही शहरविकासाचे काम पाहणारी दुसरी संस्था, आहे, आणि नव्या ले-आऊटमध्ये राहणाऱ्या कुटुंबांना रस्ता, गडर (सांडपाण्याचे गटार) आणि पाण्याची तक्रार नेमकी कोणत्या दारात न्यायची, हे स्वतःलाच शोधून काढावे लागते. ज्या मुलाने हा शोध घरी जेवताना ऐकलेला असतो, त्याला ‘शासनाच्या अधिकारांची विभागणी’ हा शब्दप्रयोग वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

नागरिकत्व आणि ओळख यांतला फरक मुलांना कसा समजावून द्यावा?

व्याख्या सांगून तो समजत नाही, असा आमचा अनुभव आहे. आम्ही घरातल्या ओळखपत्रांपासून सुरुवात करतो. मुलांनी कार्डे आणायची नाहीत आणि त्यांची छायाचित्रेही काढायची नाहीत. ही अट कधीही शिथिल करू नये, कारण क्रमांक आणि पत्ते एकदा बाहेर गेले की परत आणता येत नाहीत. शिक्षकाने कोऱ्या नमुन्यांची चित्रे दाखवावीत आणि प्रत्येक कार्ड काय सांगते, काय सांगत नाही, हे विचारावे. पिवळी, केशरी आणि पांढरी शिधापत्रिका कुटुंबाच्या उत्पन्नाविषयी सांगते. ती तिरंगी पद्धत राज्यात १ मे १९९९ पासून आहे. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्यातच म्हटले आहे, आणि हे ऐकून मुलांपेक्षा पालक अधिक चकित होतात. छायाचित्र असलेले मतदार ओळखपत्र देण्यास १९९३ मध्ये सुरुवात झाली. त्याआधीही नागरिक मत देतच होते.

नागरिकत्व संविधानाच्या दुसऱ्या भागात, अनुच्छेद ५ ते ११ मध्ये येते आणि त्याचे तपशील १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात आहेत. यातली एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते आणि ती मी प्रत्येक वर्गाला सांगते. संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु जे मोजके अनुच्छेद २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाले, त्यांत नागरिकत्वाचे ५ ते ९ हे अनुच्छेद होते. इतर सर्व काही ठरण्याआधी ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे सांगणे आवश्यक होते. जरीपटका या सिंधी कुटुंबांच्या वस्तीतील मुलांना अनुच्छेद ६ वाचून दाखवावा. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी त्यात १९ जुलै १९४८ ही तारीख दिली आहे. ज्यांचे पणजोबा सिंधमधून आले, त्यांच्यासाठी ती घरातली तारीख ठरते, कारण त्या तारखेच्या आधी आलेल्यांना एक नियम आणि नंतर आलेल्यांना नोंदणीचा वेगळा नियम लागू होता.

एवढे झाल्यावर मुले स्वतःच म्हणू लागतात, की नागरिकत्व सर्वांचे सारखे आहे आणि ओळख मात्र प्रत्येकाची निराळी आहे. शिवाय एकाच माणसाच्या ओळखी अनेक आहेत. तीच मुलगी मोठी बहीण आहे, बास्केटबॉल खेळणारी आहे, घरात छत्तीसगढी आणि शाळेत मराठी बोलणारी आहे, पूर्व नागपूरची आहे. यांपैकी कोणती ओळख छायाचित्रातून दाखवायची, हे तिने ठरवायचे आहे.

एकच छायाचित्र सुचवायचे झाले, तर कोणते सुचवाल?

दारावरची पाटी. प्रत्येकाने आपल्या घराची किंवा शेजारची एक पाटी टिपून आणावी, पाटी नसेल तर नुसते दार टिपावे. वीस-पंचवीस पाट्या एकत्र लावल्या की वर्ग शांत होतो. कोणाचे नाव पाटीवर आहे, आजोबा जाऊन किती वर्षे झाली तरी त्यांचेच आहे का, आईचे नाव आहे का, असल्यास ‘सौ.’ लावून आहे का, आडनाव मुद्दाम गाळले आहे का, कोणत्या लिपीत लिहिले आहे, भाड्याच्या खोलीच्या दारावर काय असते, हे सगळे प्रश्न मुले एकमेकांना विचारतात.

या तासिकेत मी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार याद्यांची हकिकत सांगते. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीआधी असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद केली आणि निवडणूक आयोगाने अशी नोंद ग्राह्य धरली नाही, त्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. मताचा अधिकार होता, वय होते, देश आपला होता; स्वतःचे नाव उच्चारण्याची मोकळीक नव्हती. ओळख आणि नागरिकत्व यांचे नाते याहून स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. याला जोडून महाराष्ट्र शासनाचा अलीकडचा निर्णय सांगावा: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. मुलांना आपापली नावे त्या क्रमाने वहीत लिहायला सांगावीत आणि लिहून झाल्यावर मोठ्याने वाचायला सांगू नये. ज्याला वाचावेसे वाटेल तो वाचतो.

जात आणि धर्म यांचा विषय निघाला तर काय करावे?

तो निघतोच, आणि नागपुरात तो न निघाला तर आपण काहीतरी झाकत आहोत असे समजावे. आमचा नियम एवढाच आहे, की कोणत्याही मुलाला ‘तुमच्यात कसे असते ते सांग’ असे कधीही म्हणायचे नाही. मुलाने स्वतःहून सांगितले तर वर्गाने आदराने ऐकायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पांढरी वस्त्रे नेसून दीक्षाभूमीवर गेलेल्या आजी-आजोबांची आठवण या शहरातील हजारो घरांत आहे. एखादी मुलगी त्या आठवणीशी जोडलेले छायाचित्र अभिमानाने आणते, तेव्हा शिक्षकाने तिच्या आणि छायाचित्राच्या मध्ये येऊ नये. दुसरा मुलगा ताजबाग दर्ग्याचे आणेल, तिसरा रामनवमीच्या शोभायात्रेचे. ही छायाचित्रे शेजारी शेजारी लावावीत, पण ‘विविधतेत एकता’ असे शीर्षक देऊन त्यांतला वेगळेपणा घाईने पुसून टाकू नये.

एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. आठवीतल्या एका मुलीने स्वयंपाकघराच्या खिडकीचे छायाचित्र आणले होते. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर एक कप पालथा घातलेला होता, बाकीचे कप आत मांडणीवर दिसत होते. तिने खाली लिहिले होते, ‘हा कप मावशींचा. मी आज पहिल्यांदा पाहिला.’ भांडी घासायला येणाऱ्या मावशींसाठी तो कप वेगळा ठेवलेला होता आणि घर तिचे स्वतःचे होते. वर्गात कोणी घर कोणाचे हे विचारले नाही, मीही विचारू दिले नाही. आम्ही अनुच्छेद १७ उघडला, ज्याने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरवले आहे, आणि ‘कोणत्याही स्वरूपातील’ या शब्दांवर तासाचा उरलेला वेळ गेला. ते छायाचित्र मी प्रदर्शनात लावले नाही. मुलीच्या धैर्याची किंमत तिला घरी मोजावी लागू नये, ही जबाबदारी शिक्षकाची असते.

घरातील जुने अल्बम मागवावेत का?

सक्तीने मागवू नयेत. सर्वांच्या घरी अल्बम नसतात. काहींचे पुरात, स्थलांतरात किंवा घर मोडताना गेलेले असतात. पर्याय म्हणून ‘जे छायाचित्र कधी काढलेच गेले नाही’ त्याचे शब्दांत वर्णन लिहायला सांगावे. एम्प्रेस मिलमध्ये काम केलेल्या पणजोबांचे एकही छायाचित्र नसलेल्या मुलाने भोंगा ऐकून घड्याळ लावणाऱ्या घराचे जे वर्णन लिहिले, ते आमच्या संग्रहातील सर्वोत्तम लेखनांपैकी आहे. ही गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि या शहरातील अनेक कुटुंबे ‘नागपूरची’ झाली ती तिच्यामुळेच.

माणसांचे छायाचित्र काढण्याआधी परवानगी घ्यावीच लागते का?

होय. आमच्या उपक्रमात या गोष्टीत तडजोड नाही, आणि मी ती शिष्टाचार म्हणून शिकवत नाही, नागरिकत्वाचा पहिला धडा म्हणून शिकवते. कॅमेरा हातात असलेल्याकडे समोरच्यापेक्षा अधिक सत्ता असते. सफाई कामगार, भाजीची बंडी लावणारी बाई, सिग्नलवरची मुले यांचे छायाचित्र कोणीही सहज काढतो. बंगल्याच्या गच्चीवर बसलेल्या माणसाचे काढत नाही. हा फरक मुलांनी स्वतः अनुभवावा म्हणून आम्ही त्यांना आधी कॅमेऱ्याविना पाठवतो. त्यांनी तीन माणसांना विचारायचे, ‘मावशी, तुमचा फोटो काढला तर चालेल का? कशासाठी हवा आहे ते सांगतो,’ आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे लिहून आणायचे. नकार आला तर तो वहीत पूर्ण नोंदवायचा. ‘माझ्या हातगाडीचा काढ, माझा नको’ असे उत्तर एका मुलाला इतवारीत मिळाले, आणि हातगाडीच्या त्या छायाचित्राने जे सांगितले ते चेहऱ्याने सांगितले नसते.

वायुसेनेचा परिसर, कामठीची छावणी आणि ‘छायाचित्रणास मनाई’ असा फलक असलेली कोणतीही जागा वगळावी. रुग्णालयात आणि अंत्ययात्रेत छायाचित्रे काढू नयेत. लहान मुलांचे छायाचित्र काढण्यासाठी त्यांच्या पालकांना विचारावे, आणि पालक हो म्हणाले तरी मूल नको म्हणत असेल तर काढू नये.

विद्यार्थ्यांची छायाचित्रे शाळेच्या समाजमाध्यमांवर टाकता येतील का?

आमचे उत्तर नाही असे आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीचा वापर करण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती अपेक्षित आहे. शाळेच्या प्रवेश अर्जावरील एका ओळीखालची सही म्हणजे अशी संमती, असे मानणे मला पटत नाही. बालसंगोपन संस्थेत राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ओळख उघड करण्यास स्पष्ट मनाई केली आहे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात जागेची नोंद आपोआप साठवली जाऊ शकते, म्हणून उपक्रमाआधी कॅमेऱ्यातील ती सोय बंद करून घ्यावी.

सर्व मुलांकडे मोबाइल नसतो. त्यांचे काय?

चार-पाच मुलांच्या गटाला एक मोबाइल पुरतो आणि तो शिक्षकाचा असला तर उत्तम. प्रत्येकाला आठवड्यात पाचच छायाचित्रे काढण्याची मुभा द्यावी. मर्यादा असली की मुले आधी पाहतात आणि मग टिपतात. मोबाइल अजिबात नसेल तर पुठ्ठ्याची चौकट कापून द्यावी, तिच्यातून दिसलेले दृश्य मुलाने रेखाटावे. १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातील खेड्यांतल्या स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांच्याच नजरेने गावाच्या गरजा समजून घेण्याचा प्रयोग झाला आणि पुढे ती पद्धत जगभर वापरली गेली. तिच्यातही महत्त्व यंत्राला नव्हते, कोण पाहतो आहे याला होते.

छायाचित्र खरे बोलते, असे गृहीत धरावे का?

धरू नये, आणि हे मुलांना लवकर कळलेले बरे. एकाच छायाचित्राच्या तीन प्रती घेऊन त्या वेगवेगळ्या ठिकाणी कापाव्यात. फुटाळा तलावाच्या काठावरच्या एका छायाचित्रातून आम्ही एकदा फक्त कारंजी ठेवली, एकदा फक्त मक्याची कणसे भाजणारी बाई आणि एकदा फक्त कचरा. तिन्ही चित्रे खरी होती आणि तीन वेगळी शहरे दाखवत होती.

थोड्या मोठ्या मुलांना याचा इतिहासही सांगावा. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश शासनाने भारतातील लोकांची छायाचित्रे आठ खंडांत प्रसिद्ध केली. छायाचित्राखाली बहुधा माणसाचे स्वतःचे नाव नसे, जातीचे किंवा जमातीचे नाव असे आणि त्या समूहाच्या स्वभावाविषयी शेरा असे. १८५७ चा उठाव नुकताच होऊन गेला होता आणि राज्यकर्त्यांना प्रजा ओळखून घ्यायची होती. माणसाला विचारल्याविना त्याची ओळख ठरवणारा कॅमेरा कसा असतो, ते येथे दिसते. हे ऐकल्यानंतर मुलांना आपल्या छायाचित्राखाली ‘गरीब बाई’ किंवा ‘आदिवासी माणूस’ असे लिहावेसे वाटत नाही, ती नाव विचारून येतात.

शहरातील कोणत्या जागा या उपक्रमासाठी उपयुक्त आहेत?

सीताबर्डीच्या आसपासचा एक फेरफटका पुरेसा आहे. शून्य मैलाचा स्तंभ आणि त्याचे चार घोडे सर्वांनी पाहिलेले असतात, पण त्यावर कोरलेली गावांची नावे आणि अंतरे क्वचितच कोणी वाचतो. तेथून जवळच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या मागण्या घेऊन विधिमंडळावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गोवारी समाजाचे ११४ बांधव मृत्युमुखी पडले. आज त्या भागातून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांना बहुधा उड्डाणपूल माहीत असतो, तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ती माणसे माहीत नसतात. त्यांनी स्मारकाचे छायाचित्र काढण्याआधी तेथे थोडा वेळ थांबावे. पुढे संविधान चौक आहे, जेथे निदर्शने आणि अभिवादने दोन्ही होतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी रस्त्यावर लागणारे कठडे मुलांना केवळ शाळेला उशीर होण्याचे कारण वाटतात. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातले एक अधिवेशन येथे होते आणि त्या कठड्यांपर्यंत आपले म्हणणे घेऊन चालत येणे हा अनुच्छेद १९ ने दिलेला अधिकार आहे, हे समजल्यावर त्याच कठड्यांचे छायाचित्र ती वेगळ्या जागेवरून काढतात.

पोळ्यानंतरच्या दिवशी निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूकही सोडू नये. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळीबरोबर जे बडगे (त्याच मिरवणुकीतले उपहासाचे पुतळे) निघतात, त्यांवर त्या वर्षीच्या महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंतच्या तक्रारी लिहिलेल्या असतात. राज्यशास्त्राचा तास रस्त्यावर भरतो तो असा. बडग्यांवरील पाट्यांची छायाचित्रे जमवून ‘लोकांना यंदा काय नकोसे झाले होते’ अशी यादी मुलांकडून करून घ्यावी.

घरावर लावलेल्या तिरंग्याचे छायाचित्र या शहरात विशेष बोलके ठरते. १९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला आणि ध्वज हाती घेऊन निघालेले स्वयंसेवक तुरुंगात गेले. स्वतंत्र भारतातही सामान्य नागरिकाला आपल्या घरावर कोणत्याही दिवशी ध्वज लावता येऊ लागला तो २६ जानेवारी २००२ पासूनच्या ध्वजसंहितेमुळे.

यात राजकारण येते, अशी पालकांची तक्रार असते. तिला काय उत्तर द्यावे?

तक्रार मनापासून ऐकावी, कारण तिच्यामागे बहुधा मुलाविषयीची भीती असते. पक्षांची चिन्हे, प्रचाराची छायाचित्रे आणि नेत्यांविषयीचे मत या गोष्टी आम्ही वर्गाबाहेर ठेवतो. रस्ता, पाणी, दिवे, शाळा आणि सन्मान या गोष्टी वर्गात आणतो. शिक्षकाने आपले मत कोणत्या बाजूचे आहे ते सांगू नये. परंतु ‘हे कोणी ठरवले’ हा प्रश्नच विचारू नका, असा आग्रह कोणी धरला तर तो मान्य करू नये. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. आज नववीत असलेली मुले चार वर्षांत मतदार होणार आहेत. पालकांना एका तासिकेला मागच्या बाकावर बसण्याचे निमंत्रण द्यावे. जे आले त्यांपैकी अनेकांनी पुढच्या वेळी स्वतःच्या लहानपणीचे छायाचित्र आणले.

छायाचित्राखालची ओळ कोणत्या भाषेत लिहावी?

मुलाला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. नागपूरच्या मुलांच्या बोलण्यात मराठी आणि हिंदी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि ‘काऊन गा’ म्हणणाऱ्या मुलाला ‘का रे’ लिहायला लावले की त्याचे अर्धे म्हणणे गळून जाते. भाषेचा तास वेगळा असतो. ओळीत कोणाचा अपमान होत नाही ना, एवढेच येथे तपासावे.

गुण कसे द्यावेत?

छायाचित्राला देऊ नयेत. शाळेला नोंद हवीच असेल तर मुलाने विचारलेल्या प्रश्नांची नोंद ठेवावी: पहिल्या आठवड्यात त्याने काय विचारले आणि सहाव्या आठवड्यात काय विचारले. ओळखीला गुण देणे तर अन्यायाचे आहे. ‘माझे कुटुंब’ या छायाचित्राला सहा आणि दुसऱ्याला आठ गुण देण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही.

किती तासिका लागतात?

आठवड्याला एक, अशा सहा ते आठ.

उपक्रम संपल्यावर छायाचित्रांचे काय करावे?

शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवस प्रदर्शन लावावे आणि ज्यांची छायाचित्रे आहेत त्यांना मुलांनीच बोलावून आणावे. शाळेसमोर वर्षानुवर्षे तर्री-पोह्यांची गाडी लावणारे काका त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच फाटकाच्या आत येतात. प्रत्येकाला त्याच्या छायाचित्राची छापील प्रत द्यावी. त्याचा खर्च फारसा नसतो आणि तो उपक्रमाच्या सुरुवातीलाच धरून ठेवावा. त्यानंतर गटाच्या मोबाइलमधील सर्व छायाचित्रे मुलांच्या समोर पुसून टाकावीत, फक्त मुलांनी लिहिलेल्या ओळी वर्गाच्या वहीत जपाव्यात. भिंतीवरचे आपले छायाचित्र पाहिल्यावर कोणाला ते नकोसे वाटले, तर आधी दिलेल्या परवानगीची आठवण करून देऊ नये. ते लगेच उतरवावे, ती जागा प्रदर्शन संपेपर्यंत रिकामी ठेवावी आणि तेथे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे, की येथे एक छायाचित्र होते, ते त्यांनी परत मागितले.